ढब्बूची ऊब

माझ्या विहीणबाईंचा, आष्ट्याच्या मनुबाईंचा, मला हेवा वाटतो. हे मी कुणाजवळ बोलत नाही. पण आमचे हे म्हणतात, "शकुंतला, तू बोलत नाहीस, पण मनुबाईंचा फोन आला की तुझ्या हातून भांडी जास्त वाजतात." ह्यांची सगळी नोकरी फौजेत यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. खडखड कुठून येते ते ह्यांना लगेच कळतं.

सुरुवात अबोलीच्या जन्मापासून झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आहे आणि त्यात कुणाचा दोष नाही. पण ती रीत कुणी पाडली हे कळलं असतं, तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. आमची सून राणी आष्ट्याला गेली आणि नात मी पाहिली ती थेट बारशाला. मांडीवर घेतली तर पोरीच्या अंगाला वेखंडाचा, ओव्याच्या धुरीचा आणि कोळशाच्या धगीचा वास. मनुबाईंनी रोज न्हाऊ घालून शेकशेगडी केली होती. वर मलाच सांगत होत्या, "लय गुणाची हाय बघा, शेकताना हूं का चूं करत न्हाई." माझ्या नातीची ओळख मला करून देत होत्या. मी हसले, बाळाला पाळण्यात घातलं, आणि साताऱ्याला घरी येईपर्यंत गाडीत खिडकीबाहेर तोंड करून बसले.

मुलगा सौमित्र कुपवाडच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे, म्हणून बिऱ्हाड सांगलीत. सांगलीहून आष्टा जवळ आणि सातारा लांब. पोरीला सर्दी झाली, आष्टा. राणीला ऑफिसात उशीर, आष्टा. जत्रा, हुरडा, मामाचं घर, सगळं आष्टा. आमच्याकडे यायची ती पाहुणी म्हणून, बॅग न उघडता. पाहुण्यासारखं "आजी, मी काय मदत करू?" असं विचारायची. असं विचारलं की माझ्या अंगाचा जाळ व्हायचा. आष्ट्याच्या आजीला ती असलं काही विचारत नसे, सरळ चुलीपाशी बसून पापड भाजायला घ्यायची.

अशात यंदा गणपतीनंतर ढब्बू आला.

ढब्बू म्हणजे कासवाचं पिल्लू. अबोलीला कुत्रं हवं होतं, सोसायटीला ते नको होतं. शेवटी सौमित्रनं पुण्याहून हे आफ्रिकेकडच्या जातीचं पिल्लू आणलं. आपल्याकडची रानातली कासवं घरात ठेवायला बंदी आहे, म्हणून हे परदेशी आणि रीतसर नोंदणी केलेलं. तळहातावर मावेल एवढं, बिस्किटाच्या रंगाचं. जमिनीवर राहणारं आहे, पोहता येत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या गल्लीतल्या प्रत्येकानं पहिल्यांदा हेच विचारलं की पाण्यात का नाही ठेवलं.

पुढे राणीचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि सौमित्र केरळला जाणार होते. अबोली काही ढब्बूला सोडून जायला तयार नव्हती. तेव्हा ती आणि ढब्बू दोघंही एका आजीकडे राहणार.

"कुठल्या?" मी विचारलं.

"तिलाच ठरवू दे म्हटलं, आई," राणी म्हणाली. मग अबोलीनं फोन ओढून घेतला. "आजी, थंडी सुरू होईल ना. ढब्बू अजून बेबी आहे. त्याला हीट पण लागते आणि लाईट पण लागतो. ज्या आजीकडे दोन्ही नीट असेल ना, तिथं आम्ही राहणार."

अख्खी दिवाळीची सुट्टी. उटण्यापासून भाऊबीजेपर्यंत माझी नात माझ्या घरात, बॅग उघडून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रीतीनं नव्हे, तर गुणांवर निकाल लागणार होता. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. उष्णता आणि प्रकाश हे दोन धडे मी झोपेतही शिकवू शकते.

तेवढ्यात मनुबाईंचा फोन. "आवं विहीणबाई, कासवाचं काय एवढं घिऊन बसलाय. पिल्लाला ऊब द्यायची आमाला काय नवीन हाय व्हय? शेडात पिल्लं येत्यात तवा बल्ब लावतो की आमी. तसाच एक लावायचा."

त्यांची पोल्ट्री मी विसरलेच होते. व्याही लालासाहेब आणि मनुबाई हजारो पिल्लं जगवत आलेत. मी फक्त धडे शिकवले होते. फोन ठेवला आणि दुधाचं पातेलं ओट्यावर आपटलं. हे पेपरमागून म्हणाले, "आष्टा."

मी कामाला लागले. ह्यांना शोकेस मोडायला लावून त्याची लांबरुंद पेटी करून घेतली. पूर्वेच्या खिडकीशी ठेवली, सकाळचं कोवळं ऊन थेट पेटीत. मनात म्हटलं, हे आष्ट्याच्या शेडात आहे का? मग सांगलीच्या डॉक्टर धवल यांना फोन लावला. ससे, पोपट, कासवं असले पेशंट ते बघतात.

"खिडकीला काच आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. बंद ठेवते, वारा लागायला नको."

"मग ऊब येईल, ऊन येणार नाही. कवच आणि हाडं धरायला उन्हातला जो भाग लागतो, तो काच अडवते. बाहेरच्या उन्हात रोज थोडं फिरवा, सावलीची जागा ठेवून. आणि घरात त्यासाठी वेगळी यूव्हीबी ट्यूब लावा. मधे काच नको, प्लॅस्टिक नको. आणि काचेमागे ठेवाल तर पेटी भट्टी होईल, ते वेगळंच."

विज्ञानाच्या बाईला हे ऐकावं लागलं. मी वहीत काढलेल्या आकृतीवर काट मारली आणि पेटी खिडकीपासून लांब ओढली. डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं. झोपायच्या वेळी अंधार हवा, लाल-निळा कसलाच दिवा नको. तेव्हा ऊब लागली तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. त्याला थर्मोस्टॅट. होल्डर चिनी मातीचा, प्लॅस्टिकचा वितळतो. खालून तापवणारी गादी-बिदी नको, पोट भाजलं तरी त्याला वेळेवर कळत नाही. दिवा नुसत्या चिमट्यावर नको, साखळीनं टांगलेला. हे म्हणाले, "फौजेत आम्ही जनरेटर एवढ्या काळजीनं बांधला नाही," पण बांधलं सगळं अगदी चोख. दिव्याला बाहेरून जाळी घातली, वायर पेटीच्या बाहेरून नेली, लाईट गेली तर इन्व्हर्टरची सोय केली.

दसऱ्याच्या सुमारास अबोलीनं दोन्हीकडे एकेक मुक्काम ठरवला. आधी आष्टा. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बातमी राणीनंच दिली, हसू दाबत. मनुबाईंनी ढब्बूला कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, फडक्यात गुंडाळलं, आणि शेगडी पेटवून, निखाऱ्यावर ओवा टाकून त्याला शेक दिला. बाळंतिणीच्या खोलीत देतात तसा, वर धुरी. ढब्बूनं आधी डोकं आत घेतलं आणि मग नाकातून बुडबुडे काढले. अबोली रडली. डॉक्टरांनी तपासलं, धूर बंद करा म्हणाले, दोन दिवसांत तो बरा झाला.

मला आनंद झाला. लपवत नाही. पिल्लाला काही झालं नाही हे कळल्यावर झाला, पण भरपूर झाला. मी ह्यांना शिरा करून वाढला. "निमित्त काय?" हे म्हणाले. "धुरी," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी अबोली ढब्बूला घेऊन साताऱ्याला आली. दारात मी दोघांना ओवाळलं. नातीला कुंकू लावलं आणि ढब्बूच्याही पाठीला लावलं, देवळातल्या कासवाला लावतात तसं. निरांजन जवळ येताच ढब्बू कवचात गेला. अबोलीनं माझ्याकडे बघितलं, रुमाल ओला केला आणि कुंकू पुसून काढलं.

पेटी मात्र तिनं नीट बघितली. ट्यूब, हीटर, जाळी, साखळी. एकेका वस्तूला तिची मान डोलत होती आणि माझी छाती फुगत होती. ढब्बूला आत सोडलं. तो चालत चालत एका कोपऱ्यात गेला, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. मग चौथ्या कोपऱ्यात नाक खुपसून बसला तो दुपारभर हललाच नाही. जास्वंदीचं फूल तोंडापाशी ठेवलं तरी नाही. अबोली फरशीवर पालथी पडून त्याच्याकडे बघत होती.

"आजी, थंड बाजू कुठंय?"

"थंड बाजू कशाला हवी? थंडी लागू नये म्हणून तर एवढं केलंय. दोन्हीकडे एकेक दिवा आहे बघ. कुठंही जाऊ दे, ऊबच."

"पण त्याला गरम झालं तर त्यानं जायचं कुठं?"

डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. एका टोकाला दिवा, दुसरं टोक गार, त्याचं तो ठरवेल. मी ऐकलंही होतं. पण आष्ट्याला एक बल्ब असेल तर साताऱ्याला दोन हवेत, हे माझ्या डोक्यात त्याच्या आधीपासून बसलं होतं. आणि पेटीत गार कोपरा ठेवायचा, तिथं ते एवढंसं पोर बसलं तर, हे मला सहनच होत नव्हतं.

"आष्ट्याच्या आजीनं पण असंच केलं," अबोली म्हणाली. "ऊब म्हणजे सगळीकडून ऊब. तुम्ही दोघी सेम आहात."

कुणी तोंडावर दार लावलं असतं तरी एवढं लागलं नसतं. मी सेम? मी, जिनं धुरी केली नाही, शेगडी केली नाही? मी तावातावानं उठले, ह्यांना हाक मारली आणि एक दिवा काढायला लावला. दोन्ही टोकांना थर्मामीटर चिकटवले. दिव्याखाली सपाट दगड, पलीकडच्या टोकाला ओलसर माती आणि उपडं कौल, आत शिरून बसायला. पाण्याची पसरट ताटली, बुडणार नाही अशी. संध्याकाळपर्यंत एक टोक चांगलं तापलेलं आणि दुसरं गार झालं. ढब्बूनं मान बाहेर काढली. गार टोकाकडून निघाला, मधे थांबला, फूल खाल्लं, दिव्याखाली जाऊन दगडावर बसला आणि चारी पाय पसरले. थोड्या वेळानं आपणहून उठून कौलाखाली गेला.

अबोलीनं टाळी वाजवली. "परफेक्ट! आजी, तूच बेस्ट. डिसायडेड."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हर कपाळाला लावून सलाम ठोकला. दुसऱ्या दिवशी अबोली सांगलीला परत गेली आणि मी मनुबाईंना मुद्दाम फोन केला. कशाला ते विचारू नका. "पोरीनं साताराच पसंत केलं हो," मी म्हटलं, "ढब्बूच्या तब्येतीसाठी." पलीकडे थोडा वेळ कोंबड्यांचा आवाज आला. "बरं झालं," मनुबाई म्हणाल्या, "पोरीचं मन राहिलं म्हंजी झालं." मला त्या आवाजातली खोट ओळखू आली. ती खोट मी रोज वापरते.

मग मी दिवाळीची तयारी केली. चकली तिला काटेरी आवडते, म्हणून सोऱ्या बदलला. तिच्यासाठी खोली रिकामी केली. अंगणात किल्ल्यासाठी माती टाकून घेतली, मावळे आणले. कपाटाचा एक कप्पा तिच्या कपड्यांसाठी मोकळा ठेवला.

वसुबारसेला सौमित्रची गाडी दारात आली. अबोली उतरली, हातात ढब्बूचा डबा. ढब्बूला पेटीत सोडलं, दिवा लावला, दोन्ही थर्मामीटर वाचले. तो दगडावर जाऊन बसला. मी डिकीतून तिची बॅग घ्यायला गेले, तर सौमित्र डिकी उघडेना.

"आई, अगं..." तो अबोलीकडे बघायला लागला.

अबोलीनं येऊन माझ्या कमरेला मिठी मारली. "आजी, ढब्बू तुझ्याकडे एकदम सेफ आहे. मला त्याचीच काळजी होती, म्हणून मी इथं राहणार होते. आता काळजीच नाही. मग मी आष्ट्याला जाऊ? तिकडं ऋषिराज, साक्षी, सगळे कझिन्स येणारेत."

पेटी मीच बांधली होती. एवढी चोख, की तिच्याजवळ माझ्या नातीनं बसायची गरज उरली नाही. मी म्हटलं, "जा की. मजा कर." डब्यात चकल्या भरून दिल्या, अर्ध्याहून जास्त. गाडी वळली तेव्हा हे माझ्या शेजारी उभे होते, उरलेल्या चकल्यांचा डबा हातात धरून.

दिवाळीत घरात आम्ही दोघं आणि एक कासव. पहिली आंघोळ ह्यांची, दुसरी माझी, तिसरी पसरट ताटलीत ढब्बूची. फराळाचं ताट घेऊन मी पेटीशी बसायचे. त्याचं बरं होतं. ऊब हवी की दिव्याखाली, नको की कौलाखाली. कुणी रागावत नाही, कुणाला सांगावं लागत नाही. मी त्याच्यावरसुद्धा जळले.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी फोन वाजला. अबोलीचा, रोजच्यासारखा. व्हिडिओत मागे कालवा चालू होता, कुणीतरी तिची वेणी ओढत होतं.

"आजी, ढब्बू खातोय ना?"

तो माझ्यासमोरच बसून जास्वंदीचं पान ओढत होता. मी फोन त्याच्याकडे वळवला नव्हता. 'नाही गं, कालपासून खात नाही.' एवढं एक वाक्य. संध्याकाळच्या आत पोरगी दारात आली असती. तिनं बॅग उघडली असती, पेटीशी पालथी पडली असती, आणि मी शेजारी बसले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. विज्ञानाच्या बाईनं ते तपासूनही पाहिलं, त्यानं कासवाला काही अपाय होणार नव्हता.

मग तिचा चेहरा दिसला. धुरीच्या वेळी रडली होती तो चेहरा मी पाहिला नव्हता, पण आता मला तो दिसला.

"खातोय," मी म्हटलं. "छान खातोय. बघ." आणि फोन वळवला.

तिनं मनसोक्त बघितलं. तापमान विचारलं, माती ओली आहे का विचारलं. मग ऋषिराजनं हाक मारली आणि ती फोन तसाच टाकून पळाली. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग मनुबाईंचा चेहरा.

"विहीणबाई, हाय का लाईनवर?"

"आहे, मनुबाई. शुभ दीपावली."

"कसली आलीय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "खरं सांगू का? पोरगी हितं हाय, पर जीव तिकडं. उठली की आंघुळीच्या आदी तुमाला फोन. जेवताना माजी साताऱ्याची आजी असं म्हनती, माजी साताऱ्याची आजी तसं करती. एक टोक गरम, एक टोक गार. शेडात जाऊन आमच्या बल्बाच्याबी चुका काढती. ह्यांच्यासमोर. जलमल्यापास्नं मी केली, मी शेकली, आन् नाव तुमचं. जळतंय बघा माजं. लय जळतंय. बोलू नये, पर बोलले."

मी पेटीच्या कडेला हात टेकला. इतकी वर्षं जे मी भांड्यांना ऐकवत आले, ते ही बाई मला तोंडावर सांगून मोकळी झाली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. सणाच्या दिवशी मिळावं तसं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं.

"मनुबाई," मी म्हटलं, "बारशाला मी तिला मांडीवर घेतलं ना, तेव्हा तिला तुमच्या घरचा वास होता. मला तो अजून आठवतो."

"वास? कसला वं?"

"ओव्याचा. शेगडीचा."

मागे फटाका वाजला, पोरं ओरडली. मग मनुबाई हळूच म्हणाल्या, "भाऊबीज झाली की आणते पोरीला तिकडं. मीबी येते. ती पेटी डोळ्यानं बघू द्या एकदा."

"या. राहायलाच या. आणि मनुबाई, ती शेगडी आहे का अजून?"

"हाय की. पर आता कासवाला न्हाई वं लावत, शपथ."

"कासवाला नको," मी म्हटलं. "माझे गुडघे धरलेत. येताना घेऊन या."